वचन नेमके कोणाचे? सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी घालून दिली पडताळणीची पद्धत

रोज सकाळी मोबाइलवर सुविचार येतात. खाली कधी चाणक्यांचे, तर कधी तुकोबांचे नाव असते. पण ते वचन खरेच त्यांचे आहे का? हे तपासायला संदर्भग्रंथ लागतो. मराठीत असे काम तेराव्या शतकातच झाले. त्यामागचे मोठे नाव म्हणजे म्हाइंभट.

कोण होते म्हाइंभट?

म्हाइंभट हे सराळे गावचे विद्वान ब्राह्मण. शास्त्रांचा अभ्यास दांडगा आणि त्याचा अभिमानही तेवढाच. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्याशी वाद घालायला ते गोदाकाठच्या डोमेग्रामला गेले. तिथे त्यांचा अभिमान गळाला आणि पुढे ते स्वामींचेच अनुयायी झाले.

बीडशी काय संबंध?

स्वामींचा वावर प्रामुख्याने गोदावरीच्या खोऱ्यात होता. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेले पांचाळेश्वर हे पंथाचे मोठे तीर्थस्थान. ते आत्मतीर्थ म्हणून ओळखले जाते. आजही तिथे भाविकांची गर्दी असते.

वचने गोळा करण्याची वेळ का आली?

पंथाच्या परंपरेनुसार १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे निघून गेले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. जे काही होते, ते शिष्यांच्या आठवणीत. शिष्य एकेक करून गेले असते, तर सगळेच संपले असते.

विदर्भातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी हे काम हाती घेतले. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्यांनी लीळा ऐकल्या. मात्र एका साक्षीवर ते थांबले नाहीत. ज्यांच्यासमोर प्रसंग घडला, त्या शिष्यांकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली. यातून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो.

मग संदर्भग्रंथ कुठला?

लीळाचरित्रात वचने प्रसंगांत विखुरलेली होती. केसोबासांनी ती वेगळी काढून विषयवार प्रकरणांत लावली. तो ‘सूत्रपाठ’. स्वामींनी सांगितलेल्या ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ही त्यांचाच. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी त्याचा अर्थ अशी मांडणी आहे. अमेरिकेतील केंब्रिजचे पुस्तकविक्रेते जॉन बार्टलेट यांचा गाजलेला इंग्रजी अवतरणसंग्रह निघाला १८५५ मध्ये, म्हणजे जवळपास पावणेसहाशे वर्षांनी.

ग्रंथ हरवला, तेव्हा काय झाले?

खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवल्याचे परंपरा सांगते. ज्यांना पाठ होते, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. आठवणी जुळेनात, तेव्हा पाठभेदही नोंदवले गेले. कोणता तपशील कोणाकडून आला, हे अनेक ठिकाणी कळते ते त्यामुळेच.

पुढे पोथ्या सांकेतिक लिपीत जपल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि हे साहित्य पंथाबाहेरच्या वाचकांसाठी खुले झाले.

आज त्याचा उपयोग काय?

मराठीचे प्राचीनत्व सांगताना लीळाचरित्राचा दाखला दिला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच उभे राहिले आहे.

इंटरनेटवर वचन सेकंदात सापडते, पण ते कोण, कुठे, कोणासमोर बोलले हे बहुतेक वेळा सापडत नाही. म्हाइंभटांनी नेमकी तीच माहिती वचनासोबत जपली. पुढचा सुविचार फॉरवर्ड करण्याआधी एवढे तीन प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.