कप्तान ध्यानचंद



या वेळी भित्तिपत्रकात थोरांची माहिती लिहायची पाळी माझी आहे. मी हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांच्यावर लिहितो आहे. त्यांचंच नाव मी का निवडलं, ते आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात केंद्राच्या क्रीडास्पर्धा झाल्या. आपल्या शाळेच्या खो-खो संघाचा मी कप्तान होतो. शेवटच्या पाळीत आम्ही पाठलाग करत होतो. समोरचा एक गडी मला खुंटापासून खुंटापर्यंत पळवत होता. मला वाटलं, याला मीच बाद करणार, टाळ्या मलाच मिळणार. वाटेत आपले गडी पाटीवर तयार बसले होते, पण मी खो दिलाच नाही. शेवटी दमलो आणि घाईघाईत खो द्यायला वळलो, तर पाचवीतला आपला लहान गडी खो मिळायच्या आधीच उठला. पंचांनी फाऊल दिला. आम्ही एका गुणाने हरलो.

परत येताना मी त्या मुलाला सगळ्यांदेखत वाटेल तसं बोललो. त्याच्यामुळेच हरलो, असं म्हणालो. तो बिचारा खाली मान घालून चालत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला यायचाच बंद झाला.

गुरुजींनी मला रागावलं नाही. त्यांनी कपाटातून ध्यानचंदांवरचं एक पुस्तक काढून दिलं. आधी हे वाच आणि मग सामना कोणामुळे हरलो ते मला सांग, एवढंच म्हणाले. त्या पुस्तकातलं आणि गुरुजींनी सांगितलेलं आता तुम्हाला सांगतो.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयाग म्हणजे अलाहाबाद येथे झाला. त्यांचे मूळचे नाव ध्यानसिंग. वडील सैन्यात होते. त्यांच्या सारख्या बदल्या होत, त्यामुळे ध्यानसिंगांचं शिक्षण सहा इयत्तांच्या पुढे गेलं नाही. पुढे हे कुटुंब झाशीला राहू लागलं. लहानपणी त्यांना हॉकीचा नाद नव्हता, कुस्तीची आवड होती. १९२२ साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि तिथे त्यांच्या हातात हॉकीची काठी आली. बाले तिवारी नावाच्या सुभेदारांनी त्यांना खेळाचे पहिले धडे दिले.

दिवसा नोकरी असायची. मग सराव केव्हा करणार? ते रात्री चंद्राच्या उजेडात सराव करत. म्हणून सोबती त्यांना चांद म्हणू लागले, आणि ध्यानसिंगांचे ध्यानचंद झाले, असं सांगतात. आपल्याकडे संध्याकाळी वीज गेली की आपण अभ्यास मिटून ठेवतो, हे मला तेव्हा आठवलं!

१९२६ साली भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. तिथे २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि एकच हरला. मग १९२८ साली भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला गेला. सामने हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात होते. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांतले १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. सुवर्णपदक भारताला मिळालं.

एवढे गोल करूनही तेव्हा ते कप्तान नव्हते. १९२८ साली कप्तान होते जयपालसिंग. १९३२ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला लाल शाह बुखारी कप्तान होते. ध्यानचंद दोन्ही वेळा दुसऱ्याच्या हाताखाली मन लावून खेळले. ज्याला दुसऱ्याचं ऐकता येतं त्यालाच पुढे दुसऱ्याला सांगता येतं, असं गुरुजी म्हणतात ते मला इथे पटलं.

१९३२ सालच्या संघात त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग हाही होता. अमेरिकेविरुद्ध भारताने २४ गोल केले, आणि अमेरिकेने फक्त १. या सामन्यात रूपसिंगने १० गोल केले, तर ध्यानचंदांनी ८. मुलांनो, जगातला सर्वांत नावाजलेला खेळाडू मैदानावर असताना धाकट्याचे गोल जास्त झाले! ध्यानचंद चेंडू काठीला चिकटल्यासारखा नेत, पण सोबती चांगल्या जागी दिसला की लगेच त्याला पास देत. मी मात्र पाटीवर बसलेल्या गड्यांना खो दिला नव्हता.

१९३६ साली जर्मनीतल्या बर्लिन शहरी ऑलिंपिक भरलं. या वेळी ध्यानचंद कप्तान झाले. संघात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. कोणी कॉलेजात शिकलेले होते, आणि कप्तान मात्र सहा इयत्ता शिकलेला शिपाईगडी. २७ जूनला संघ बोटीने निघाला. १० जुलैला फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरून आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून अवघडत प्रवास केला, आणि १३ जुलैला सगळे बर्लिनला पोचले.

१७ जुलैला जर्मनीच्या संघाशी सरावाचा सामना झाला. त्यात भारत चक्क ४–१ असा हरला! दोन वेळा सुवर्णपदक जिंकलेला संघ हरला. त्या रात्री कोणाला झोप आली नाही, असं ध्यानचंदांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

आता त्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. कोणाला तरी धरून बोललो असतो. पण तिथे असं झालं नाही. कप्तान आणि साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी आघाडीच्या फळीत कुठे उणीव आहे ते शोधलं आणि भारतात निरोप पाठवून दारा नावाच्या खेळाडूला तातडीने बोलावून घेतलं. दारा विमानाने आले. तोवर भारताने हंगेरीला ४–०, अमेरिकेला ७–० आणि जपानला ९–० असं हरवलं होतं. दारा आल्यावर उपांत्य सामन्यात फ्रान्सला १०–० असं हरवलं. आपली उणीव ओळखावी आणि मदत मागायला लाजू नये, हा कप्तानाचा मोठाच गुण आहे.

अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता. पावसामुळे तो एक दिवस पुढे ढकलला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाला. आधीचा पराभव सगळ्यांना आठवत होता. मनात धाकधूक होती. तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. सामन्याआधी खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा झेंडा काढला. सर्वांनी त्याला वंदन केलं आणि मैदानावर गेले. पुढे बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला आपण स्वतंत्र झालो.

मैदान ओलं होतं. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले, रबरी तळव्याचे बूट घातले आणि सुसाट खेळायला लागले. कप्तानाला बघून सगळा संघच पेटला. खेळात जर्मन गोलरक्षकाशी धडक होऊन ध्यानचंदांचा दात पडला. उपचार करून ते परत मैदानात आले. आल्यावर त्यांनी सोबत्यांना सूड घ्यायला सांगितलं नाही. उलट, चेंडू गोलापर्यंत न्या आणि नुसता खेळ दाखवून परत आणा, असं सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. भारताने तो सामना ८–१ असा जिंकला. ध्यानचंदांनी ३ आणि दारा यांनी २ गोल केले. बाकीचे गोल रूपसिंग, टॅपसेल आणि जाफर यांनी केले.

१९५६ साली ध्यानचंद मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत मुलांना शिकवलं. म्हातारपणी मात्र त्यांची पैशाची ओढाताण झाली, हे वाचून मला वाईट वाटलं. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून साजरा होतो, आणि २०२१ सालापासून खेलरत्न पुरस्काराला त्यांचं नाव आहे.

पुस्तक वाचून झाल्यावर मी गुरुजींकडे गेलो. सामना माझ्यामुळे हरलो, असं सांगितलं. ते म्हणाले, हे मला नको, ज्याला सांगायचं त्याला सांग.

मग रविवारी मी त्या मुलाच्या मळ्यात गेलो. तो वडिलांबरोबर पाणी धरत होता. त्याच्या वडिलांसमोर सांगायची मला फार लाज वाटली, पण सांगितलं. त्याच्या आईने आम्हा दोघांना शेंगा दिल्या. सोमवारी तो सरावाला आला. सगळ्या संघासमोरही मी माझी चूक कबूल केली.

मित्रांनो, शिट्टी गळ्यात घातली म्हणजे कोणी कप्तान होत नाही. कप्तानाने सर्वांत जास्त सराव करावा, सोबत्याला संधी द्यावी, हरल्यावर चूक आधी स्वतःत शोधावी आणि जिंकल्यावर माजू नये. हे मला अजून पुरतं जमलेलं नाही. राग अजून येतो. पण परवा सरावात मी पहिला खो त्यालाच दिला. तो खो मिळाल्यावरच उठला आणि त्याने गडी बाद केला. टाळ्या त्याला मिळाल्या, आणि सर्वांत मोठ्याने मी वाजवल्या.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी