कवितेला कंठ देणारे गिरीश

नाटककार वसंत कानेटकर रहिमतपूरला जन्मले, हे नाट्यरसिक जाणतात. त्यांचे वडील, कवी गिरीश, मात्र विस्मृतीत गेले आहेत. शंकर केशव कानेटकर हे त्यांचे नाव. जन्म १८९३ चा, साताऱ्याचा.

प्राचीन ग्रीसमध्ये भावकविता लायर या तंतुवाद्याच्या साथीने गात. आपल्याकडेही अभंग-ओव्या गाण्यासाठीच होत्या. आधुनिक कविता मात्र छापील पानावर मुकी झाली होती. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने तिला पुन्हा कंठ दिला. यशवंत आणि गिरीश यांच्या काव्यगायनाने कवितेला श्रोते मिळाले.

पण गोड गळ्यावर सामान्य रचनाही टाळ्या घेऊन जाते, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’मधून आचार्य अत्रे यांनी मंडळाची यथेच्छ थट्टा केली. गिरीशांची मदार मात्र केवळ गळ्यावर नव्हती. ‘अभागी कमल’, ‘आंबराई’ ही त्यांची खंडकाव्ये सामाजिक आणि ग्रामीण जीवनाकडे वळली. ती सुरांवाचूनही वाचता येतात.

पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकविले. १९७३ मध्ये ते निवर्तले. तत्पूर्वी, १९६४ मध्ये, पुत्राचे ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले होते; त्यातील पदेही वसंतरावांचीच.