लक्ष्मीबाई टिळक आणि घरातील पाणी

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे नाव आमच्या मंडळ्यांस परिचित आहे. त्यांच्या जीवितातील मोठी लढाई चुलीपाशी व पाण्याच्या घागरीपाशी झाली, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर ह्या गोदाकाठच्या खेड्यात, गोखल्यांच्या घरी झाला. वडिलांच्या सोवळ्यास सीमा नव्हती. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घ्यावे लागे, आणि त्याचे ओझे घरच्या बायकामुलींवर पडे. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. सासरे कडक, पती न सांगता घर सोडून जात. अक्षरओळख बेताचीच.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरास आल्या, तरी आपला सोवळ्याचा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. अखेर स्वतः विचार करता करता त्यांची खात्री झाली की, जातिभेद हा माणसाने केलेला आहे. देवाने तो केला नाही. तेव्हापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मीठ धुणाऱ्या घरच्या ह्या लेकीने पुढे निराधार मुलांस आपल्या पंगतीस बसविले, आणि 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ लिहिला. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या.

कोल्हापूरकडील आमच्या खेड्यांत बाप्तिस्म्यानंतरही मागली जात पाहून पाणी देणारे घर असेल, तर त्या घरच्या बंधुभगिनींनी ह्या माउलीची घागर आठवावी.