लाटांवर उभा राहिलेला माणूस

सोलापूरच्या मुलांना पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, नाहीतर तलावाचे. सिद्धेश्वर तलावात खडा टाकला, की लहान लहान लाटा उठतात आणि काठाशी विरून जातात. समुद्राच्या लाटा मात्र माणसाहूनही उंच होतात. अशा लाटेवर लाकडी फळी घेऊन उभे राहण्याचा खेळ हवाई बेटांवर फार जुना आहे. ड्यूक कहानामोकू यांनी तो जगाला दाखवला.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी हवाईतील होनोलुलू येथे झाला. घरात नऊ भावंडे होती. वायकिकीचा किनारा जवळच होता. तेथेच ते पोहायला आणि लाटेवर स्वार व्हायला शिकले.

हा खेळ सोपा नाही. प्रथम फळीवर पालथे पडावे लागते. मागून मोठी लाट आली, की दोन्ही हातांनी जोरात पाणी मारत किनाऱ्याकडे निघायचे. लाटेने फळी उचलली, की चटकन उठायचे आणि गुडघे थोडे वाकवून तोल सांभाळायचे. लवकर उठले तर लाट खालून निघून जाते. उशीर झाला तर फळीचे टोक पाण्यात घुसते. पडल्याशिवाय हा खेळ कुणालाच येत नाही.

१९११ मध्ये ड्यूक यांनी होनोलुलूच्या बंदरात शंभर यार्डांची शर्यत ५५.४ सेकंदांत जिंकली. अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी हा विक्रम मानला नाही. ड्यूक वाद घालत बसले नाहीत. १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. १९२० मध्ये अँटवर्पला ते पुन्हा पहिले आले. तरीही सावळ्या रंगामुळे अमेरिकेत त्यांना काही वेळा अपमान सोसावा लागला.

१९१४ च्या अखेरीस ते ऑस्ट्रेलियात गेले. तेथे त्यांनी पाइन लाकडाची फळी तयार केली आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर आपला खेळ दाखवला. इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीलाही त्यांनी फळीवर सोबत घेतले. ती फळी आजही तेथे जपून ठेवली आहे.

१४ जून १९२५ च्या सकाळी ड्यूक कॅलिफोर्नियात न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर होते. समुद्र खवळला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत ‘थेल्मा’ नावाची बोट उलटली. ड्यूक फळी घेऊन लाटांत शिरले. बुडणाऱ्यांना फळीवर घ्यायचे, किनाऱ्यावर आणायचे आणि पुन्हा परत जायचे, असे त्यांनी अनेकदा केले. सतरा माणसे दगावली. बारा वाचली. त्यांपैकी आठ जणांना एकट्या ड्यूक यांनी वाचवले होते. पुढे अमेरिकेतील जीवरक्षक अशी फळी जवळ ठेवू लागले.

पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते होनोलुलूचे शेरीफ होते. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा वायकिकीच्या समुद्रातच सोडण्यात आली.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये यावा, ही त्यांची इच्छा होती. ती २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी पूर्ण झाली. आनंदासाठी शिकलेली कला वेळ आली तेव्हा दुसऱ्यांच्या जिवासाठी वापरली, म्हणून ड्यूक मोठे.

स्वाध्याय
१. लाटेवर उभे राहताना घाई किंवा उशीर केल्यास काय होते?
२. ‘थेल्मा’ बोट उलटली तेव्हा ड्यूक यांनी काय केले?
३. तुम्ही शिकलेली एखादी कला दुसऱ्याच्या उपयोगी कशी पडेल? पाच वाक्ये लिहा.