लू शुन यांचे शेवटचे फोटो काढणारा शा फेई

८ ऑक्टोबर १९३६. शांघायमध्ये लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. आधुनिक चिनी साहित्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लू शुन, ते आजारी असूनही तिथे आले. वेताच्या खुर्चीत बसून, बोटांत सिगारेट धरून पोरांशी गप्पा मारत बसले. तिथेच २४ वर्षांचा एक तरुण कॅमेरा घेऊन त्यांच्याभोवती फिरत होता.

११ दिवसांनी लू शुन गेले. त्या तरुणाने त्यांच्या पार्थिवाचेही फोटो काढले. ते छापून आले आणि शा फेई हे नाव पहिल्यांदा लोकांना कळलं. शा फेई म्हणजे उडणारा वाळूचा कण.

खरं नाव सितू चुआन. जन्म १९१२, ग्वांगचौ. नोकरी वायरलेस ऑपरेटरची. १९३३ मध्ये लग्न झालं आणि कॅमेराही त्याच सुमारास हातात आला. १९३५ मध्ये तो शांघायच्या एका हौशी छायाचित्रकार मंडळाचा सभासद झाला. त्या मंडळाचं नावच मुळी ‘कृष्णधवल’ होतं. पण निसर्गचित्रांत त्याचं मन रमेना. बंदरावरचे हमाल, भिकारी, मासेमार त्याला जास्त खुणावायचे. त्यासाठी त्याने नोकरी सोडली, संसारही मोडला.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं आणि शा फेई कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत गेला. चीनच्या भिंतीवर लढणाऱ्या सैनिकांचे त्याचे फोटो आजही चीनमध्ये ओळखले जातात. त्यात माणसं लहान दिसतात आणि भिंत डोंगरावरून लांबच लांब पळते. हे योगायोगाने झालेलं नाही. लढाईच्या बातमीपेक्षा मोठं काहीतरी त्याला दाखवायचं होतं.

१९४२ मध्ये त्याच्या पुढाकाराने जिन-चा-जी सचित्र मासिक निघालं. शत्रूने वेढलेल्या डोंगराळ भागात फोटोंचं मासिक, तेही चिनीसोबत इंग्रजी ओळी देऊन! डिसेंबर १९४३ मध्ये जपानी फौजेने छापा घातला. शा फेई निगेटिव्ह घेऊन बर्फातून अनवाणी पळाला. पाय हिमदंशाने खराब झाले, सहकारी मारले गेले. निगेटिव्ह वाचल्या.

त्याच्या मनावर मात या सगळ्याचा खोल परिणाम झाला असावा. पुढे क्षयाने आजारी पडल्यावर त्याला शिज्याच्वांगच्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात ठेवलं. या रुग्णालयाशी आपलं नातं आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस युद्धकाळात याच संस्थेचे प्रमुख होते. १९४२ मध्ये ते चीनमध्येच वारले.

उपचार करणारा डॉक्टर जपानी होता. युद्ध संपून चार वर्षं झाली होती, पण आजारी शा फेईच्या डोक्यात ते चालूच होतं. हा डॉक्टर आपल्याला मारणार, असं त्याने मनाशी धरलं. १५ डिसेंबर १९४९ रोजी त्याने त्या डॉक्टरला गोळी घातली. एका निरपराध माणसाचा जीव गेला.

लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. ४ मार्च १९५० रोजी तो अमलात आला. शा फेईला अजून ३८ पूर्ण व्हायचे होते. लू शुन यांच्या निगेटिव्ह त्याने सगळ्या युद्धात एका छोट्या डबीत जवळ बाळगल्या होत्या, त्या शेवटपर्यंत त्याच्यापाशीच होत्या.

मुलांनी पाठपुरावा केला. १९८६ मध्ये लष्करी न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासलं, तो त्या वेळी मनोरुग्ण होता हे मान्य केलं आणि जुना निकाल रद्द केला.