हाफकिन साहेब व उंडेरा गावची मोजणी

पटकी व प्लेग या दोन्ही महामाऱ्यांवर लस सिद्ध करणारे वाल्डेमार हाफकिन यांचे नाव पुष्कळांनी ऐकिले असेल. परंतु त्यांनी लशीचा गुण पारखिला कसा, हे थोड्यांसच ठाऊक आहे. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या मंडळ्यांतील मुलींकरिता ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत असता त्यांनी १८९२ साली पटकीची लस प्रथम आपणांस टोचून घेतली, व पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही स्वतःच्याच अंगी टोचविली.

परंतु लस घेऊन एक मनुष्य वाचला, एवढ्याने काय ठरते? तो न घेताही वाचला असता. म्हणून १८९८ साली बडोद्यानजीक उंडेरा गावी प्लेग असता प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली व निम्मी तशीच राहिली. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. भेद काय तो लशीचा. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले; न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मेले. म्हणजे शेकडा सुमारे ११ आजारी एकीकडे, तर ४२ दुसरीकडे. लस घेऊनही तिघे दगावले, ही गोष्ट लपविली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

मूलच्या आसपास हिवतापाचे दिवस आले म्हणजे अमक्या गावी पाच गेले, तमक्या टोल्यावर दोन गेले, असे कानी येते. पण कितीपैकी? पाचशे वस्तीतील पाचांपेक्षा पन्नास वस्तीतील दोन हा आकडा चौपट भारी होय. उपदेशक बंधूंनी वस्तीचा आकडा विचारल्यावाचून अशी बातमी पुढे सांगू नये.

हाफकिन साहेबांवर मोठे संकट १९०२ साली आले. पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा ठरविण्यात आला व त्यांस कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः त्या दिवशी लस १०७ जणांस टोचली होती. मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतले, इतर बाटल्यांतील कोणासही बाधा नाही. ती बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. कोणास कोणत्या बाटलीतून टोचले ही नोंद होती, म्हणूनच हे उलगडले. तथापि निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. तोवर पाच वर्षे त्या गृहस्थाने कलंक सोसला.

पुढे ते कलकत्त्यास पुन्हा कामावर आले, पण पूर्वीचा अधिकार त्यांस मिळाला नाही. परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९३० साली स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते मरण पावले.