लेव व्हिगॉट्स्की : बोलीतून विज्ञानाकडे

लेव व्हिगॉट्स्की यांचा जन्म १८९६ साली झारशाही रशियात एका ज्यू कुटुंबात झाला. मॉस्को विद्यापीठात ज्यूंना मोजक्याच जागा असत. १९१३ साली त्याही चिठ्ठ्या टाकून भरल्या गेल्या. चिठ्ठी निघाली म्हणूनच या गुणी विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. पुढे गोमेल येथे अध्यापन करीत ते मानसशास्त्राकडे वळले. मूल रोजच्या अनुभवातून, बोलता बोलता कल्पना घडवते. शाळा विज्ञानाच्या सुसंगत संकल्पना देते. शिक्षकाशी होणाऱ्या संवादातून दोहोंची सांगड घातली जाते, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९३४ साली क्षयाने, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. घरची बोली घेऊन वसतिगृहात येणारे मूल रिकाम्या हाताने येत नाही, हेच त्यांचे जीवनकार्य आपणा शिक्षकांना शिकविते.